तेशूका : एका हिब्रू शब्दाचा इतिहास



जो शब्द एखाद्या प्राचीन ग्रंथांत शेंकडों वेळां येतो, त्याचा अर्थ ठरविणें फारसें कठीण नसतें. एका ठिकाणीं संशय आला तर दुसरें ठिकाण साक्षीला येतें. परंतु जो शब्द सबंध ग्रंथांत तीनच वेळां आला आहे, त्याची गोष्ट निराळी. तेथें साक्षीदार थोडे आणि निवाडा करूं इच्छिणारे पुष्कळ. हिब्रू बायबलांतील 'तेशूका' हा असाच एक शब्द आहे. 'इच्छा' किंवा 'वासना' असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगतात. परंतु स्त्रीचा स्वभाव काय, विवाहांत तिचें स्थान कोणतें, आणि पुरुषाची तिच्यावरील सत्ता ही ईश्वराची आज्ञा आहे कीं मनुष्याच्या अधःपाताची खूण आहे, एवढे मोठे वाद या तीन अक्षरांच्या आधारावर आजवर माजत आले आहेत. त्या शब्दाचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम तीं तीन स्थळें पाहूं. पहिलें स्थळ 'उत्पत्ति' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांतील. एदेन बागेंतील निषिद्ध फळ खाल्ल्यानंतर ईश्वर सर्प, स्त्री आणि पुरुष या तिघांना क्रमानें त्यांचें भवितव्य सांगतो. या प्रसंगाला 'शाप' म्हणण्याची रूढि आहे; पण मूळ ग्रंथ पाहिला तर शापाचा शब्द सर्पाला आणि भूमीला लाविलेला आहे, स्त्रीला नाहीं. स्त्रीला एवढेंच सांगितलें आहे कीं, तुला गर्भधारणेचे आणि प्रसूतीचे कष्ट पुष्कळ होतील, तुझी तेशूका तुझ्या पतीकडे राहील, आणि तो तुझ्यावर सत्ता चालवील. दुसरें स्थळ लगेच पुढच्या, चौथ्या अध्यायांत आहे. आपलें अर्पण ईश्वरानें स्वीकारलें नाहीं म्हणून काइन खिन्न झाला आहे. ईश्वर त्याला सावध करतो कीं, पाप दाराशीं दबा धरून बसलें आहे; त्याची तेशूका तुझ्याकडे आहे, आणि तूं त्याच्यावर सत्ता चालवावीस. काइन हा इशारा मानीत नाहीं आणि भाऊ हाबेल याचा वध करतो. तिसरें स्थळ 'गीतरत्न' या प्रेमकाव्याच्या सातव्या अध्यायांतील. तेथें प्रेमिका आनंदानें सांगते कीं, मी माझ्या वल्लभाची आहें आणि त्याची तेशूका माझ्यावर आहे.

म्हणजे एका ठिकाणीं स्त्रीची पुरुषाकडे, दुसऱ्या ठिकाणीं पापाची मनुष्याकडे, आणि तिसऱ्या ठिकाणीं पुरुषाची स्त्रीकडे. एक प्रसंग दुःखाचा, एक भयाचा आणि एक निर्भेळ सुखाचा. या तिन्ही ठिकाणीं एकच शब्द शोभावा असा त्याचा अर्थ तरी कोणता?

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इच्छेसाठीं हिब्रू भाषेंत शब्दांचा दुष्काळ नाहीं. 'तआवा' म्हणजे हांव, भुकेसारखी उसळणारी इच्छा. अरण्यांत मांसासाठीं हपापलेले इस्राएल लोक जेथें मेले, त्या जागेला 'हांवेचीं थडगीं' या अर्थाचें जें नांव पडलें, तें याच शब्दापासून. 'हामद' हें क्रियापद लोभाचें. शेजाऱ्याच्या घराचा आणि त्याच्या स्त्रीचा लोभ धरूं नको असें सांगणारी दहावी आज्ञा याच क्रियापदानें सांगितली आहे. विशेष असें कीं, हव्वेनें फळाकडे पाहिलें त्या एकाच वाक्यांत हे दोन्ही शब्द आलेले आहेत. तें झाड डोळ्यांना 'तआवा' उत्पन्न करणारें होतें, आणि ज्ञान देणारें म्हणून लोभनीय होतें. त्या वाक्यानंतर अवघ्या दहा श्लोकांनीं ग्रंथकार स्त्रीच्या भवितव्याकडे वळतो, आणि तेथें मात्र तो या दोहोंपैकीं एकही शब्द न वापरतां तिसराच, दुर्मिळ शब्द उचलतो. भुकेचा आणि लोभाचा शब्द हाताशीं असतां जो लेखक निराळा शब्द योजतो, त्याच्या मनांत कांहीं निराळें असलें पाहिजे, एवढें अनुमान काढण्यास हरकत नाहीं.

शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळलें तर मराठी मनुष्याला प्रथम मोठा आनंद होतो. 'तेशूका' मधील मूळ धातु 'शूक' असा मानतात, आणि अरबींत 'शौक' म्हणजे उत्कंठा. हाच शब्द फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला आणि गाण्याचा शौक, पतंगाचा शौक असा आपल्या घरांत रुळला. मग हव्वेची तेशूका आणि आपला शौक हीं एकाच कुळांतलीं म्हणावीं काय? अनेक कोशकारांनीं हा संबंध जोडला आहे. परंतु ध्वनींचे नियम त्याला अनुकूल नाहींत. हिब्रूंतील या 'श'च्या जागीं अरबींत नियमानें 'स' येतो. हिब्रू 'शालोम' तो अरबी 'सलाम', हें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. या नियमानें पाहिलें तर अरबी 'साक' या धातूशीं नातें अधिक सरळ जुळतें, आणि त्याचा अर्थ गुरें हांकणें, पुढें लोटणें असा आहे. एका वाटेनें गेलें तर उत्कंठा हातीं लागते, दुसऱ्या वाटेनें गेलें तर लोटणारी प्रेरणा. दोहोंत समान असें एकच : कोणत्या तरी दिशेला होणारी गति.

ही दिशाच सर्वांत जुन्या भाषांतरकारांनीं पकडलेली दिसते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत आलेक्झांड्रिया येथील यहुदी पंडितांनीं मोशेचे ग्रंथ ग्रीक भाषेंत आणले. त्यांनीं 'उत्पत्ति'मधील दोन्ही ठिकाणीं 'आपोस्त्रोफे' हा शब्द वापरला, आणि 'गीतरत्ना'च्या ग्रीक भाषांतरांत 'एपिस्त्रोफे' हा शब्द आला. या दोहोंचा गाभा 'वळणें' असा आहे. इच्छा किंवा वासना असा अर्थ त्यांत नाहीं. कित्येक विद्वान् म्हणतात कीं, त्यांच्यापुढील हस्तलिखितांत 'तेशूका' ऐवजीं 'तेशूबा', म्हणजे परत येणें, असा एका अक्षराच्या फरकाचा शब्द असावा. परंतु तिन्ही ठिकाणीं तोच लेखनदोष झाला असें मानण्यापेक्षां, त्या काळीं या शब्दाचा अर्थच 'वळणें' असा समजला जात होता हें मानणें अधिक सोपें आहे.

पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत आक्विला या भाषांतरकारानें 'सांनिध्य, जोडणें' या अर्थाचा ग्रीक शब्द योजला, तर सिम्माकस यानें 'आवेग' या अर्थाचा. आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यानें लॅटिन भाषांतर सिद्ध केलें तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट घडली. काइनाच्या प्रसंगीं त्यानें 'भूक, इच्छा' असा शब्द घातला. गीतांत 'वळणें' असा घातला. आणि हव्वेच्या प्रसंगीं तेशूकेचें भाषांतरच न करतां 'तूं पुरुषाच्या सत्तेखालीं असशील' अशा अर्थाचें वाक्य लिहिलें. मूळांत सत्तेचा उल्लेख एकदांच, पुढील वाक्यांशांत होता; जेरोमच्या वाक्यांत तो दोनदां झाला. स्त्रीच्या मनाचें जें कांहीं वर्णन होतें तें लोपलें, आणि त्याची जागा पुरुषाच्या अधिकारानें घेतली. युरोपखंडानें पुढें हजार वर्षांहून अधिक काळ हीच लॅटिन प्रत वाचली.

त्याच सुमारास यहुदी धर्मपंडितांची परंपरा मात्र निराळ्या मार्गानें चालली होती. 'उत्पत्ति'वरील प्राचीन 'मिद्राश' टीकेंत असें सांगितलें आहे कीं, जगांत तेशूका चार : स्त्रीची पतीकडे, दुष्ट प्रवृत्तीची काइन आणि त्याच्यासारख्यांकडे, पावसाची पृथ्वीकडे, आणि ईश्वराची इस्राएलाकडे. पाऊस ज्या ओढीनें जमिनीकडे धांवतो आणि देव ज्या ओढीनें भक्ताकडे येतो, त्यांच्या पंक्तीला स्त्रीचें प्रेम बसविणाऱ्या या टीकाकारांना त्या शब्दांत कांहीं हीन दिसलें नसावें. तल्मूदांत तर याहून व्यावहारिक निष्कर्ष काढला आहे. पति प्रवासाला निघतो त्या वेळीं पत्नीला त्याची विशेष ओढ लागते, असें या वचनावरून समजावें, आणि म्हणून निघण्यापूर्वीं पतीनें पत्नीचा सहवास केला पाहिजे असें तें कर्तव्य सांगितलें आहे. ज्या वचनावरून अन्यत्र पत्नीचें बंधन सिद्ध करीत, त्याच वचनावरून येथें पतीचें कर्तव्य सिद्ध केलें गेलें!

मध्ययुगांतील यहुदी टीकाकारांत मात्र एकमत नाहीं. फ्रान्समधील राशी या अकराव्या शतकांतील टीकाकारानें कामेच्छा असा अर्थ घेतला. स्त्रीला इच्छा असूनही ती तोंडानें मागणार नाहीं, असें त्यानें म्हटलें. स्पेनमधील इब्न एझ्रा यानें बाराव्या शतकांत 'आज्ञाधारकपणा' असा अर्थ केला. तेराव्या शतकांतील नाह्मानिदीस यानें इब्न एझ्राचें म्हणणें अमान्य केलें आणि पतीविषयींची तीव्र ओढ हाच अर्थ पुन्हां उचलून धरला. एकच धर्म, एकच ग्रंथ, एकच भाषा; आणि तरीही प्रत्येकाला आपल्या काळांतील पत्नी त्या शब्दांत दिसली.

सोळाव्या शतकांत पाश्चात्य विद्वान् पुन्हां मूळ हिब्रूकडे वळले. इटलींतील ल्युका गांवचा डोमिनिकन साधु सांतेस पान्यिनो यानें हिब्रूवरून केलेलें लॅटिन भाषांतर १५२८ मध्यें ल्यों येथें प्रसिद्ध झालें, आणि त्यांत 'इच्छा' हा अर्थ पुढें आला. १५३० मध्यें टिंडेल यानें इंग्रजींत 'वासना' अशा छटेचा शब्द वापरला. लूथरच्या जर्मन भाषांतरांत स्त्रीची इच्छा पतीच्या अधीन राहील असा अर्थ आला, आणि १५६० च्या जिनीव्हा बायबलांतही तसाच. हा 'अधीन' शब्द मूळांत कोठेंही नाहीं. १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरानें तो गाळला आणि साधें 'इच्छा' हें रूप कायम केलें. तेव्हांपासून इंग्रजी वाचणाऱ्या जगांत तोच अर्थ रूढ झाला.

हा सारा केवळ पंडितांचा शब्दच्छल आहे असें कोणास वाटेल. परंतु या एका श्लोकाचे परिणाम थेट सूतिकागृहापर्यंत पोहोंचले होते. १८४७ मध्यें एडिंबरो येथील डॉ. जेम्स यंग सिम्सन यांनीं प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म वापरण्यास सुरुवात केली, तेव्हां स्त्रीच्या वेदना ईश्वरानेंच नेमून दिल्या आहेत, हा आक्षेप त्यांना विचारांत घ्यावा लागला. त्याच वर्षीं त्यांनीं त्यावर पुस्तिका लिहिली, आणि श्लोकांतील ज्या शब्दाचा 'वेदना' असा अर्थ करतात त्याचा खरा अर्थ 'श्रम' असा आहे, हें हिब्रूच्या आधारें दाखविण्याचा प्रयत्न केला. वैद्याला औषधाच्या समर्थनासाठीं व्याकरण उघडावें लागलें, यावरून शब्दार्थाचें सामर्थ्य कळून येतें.

त्याच श्लोकाच्या उत्तरार्धाकडे वळलेली दुसरी वैद्य म्हणजे अमेरिकेंतील डॉ. कॅथरिन बुशनेल. या बाई चीनमध्यें वैद्यकीय मिशनरी म्हणून गेल्या होत्या. पुढें १८९१-९२ मध्यें त्यांनीं हिंदुस्थानांतील लष्करी छावण्यांत सरकारी देखरेखीखालीं चालणाऱ्या वेश्याव्यवसायाची चौकशी केली. स्त्रियांचा असा छळ धर्मशील म्हणविणाऱ्या राज्यांत कसा चालतो, या विचारानें त्या धर्मग्रंथाच्या भाषांतरांपर्यंत येऊन पोहोंचल्या. त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि १९२० नंतर पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठांत प्राचीन भाषांतरांचा तक्ता मांडून दाखविलें कीं, जुना अर्थ 'वळणें' हा आहे. त्यांच्या मतें ईश्वरानें हव्वेला आज्ञा दिली नाहीं, इशारा दिला : तूं माझ्याकडून पतीकडे वळत आहेस, आणि तसें केलेंस तर तो तुझ्यावर सत्ता चालवील. 'वासना' या अर्थाचा दोष त्यांनीं पान्यिनोच्या माथीं मारला. हें शेवटचें म्हणणें मात्र टिकणारें नाहीं. कारण उत्कंठेचा अर्थ मिद्राशांत आणि तल्मूदांत त्याच्या कितीतरी आधीं आलेला आहे. तथापि भाषांतरकार हा तटस्थ नसतो, ही गोष्ट बुशनेलबाईंनीं पुराव्यानिशीं जगापुढें ठेवली, याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.

वाद येथेंच थांबला नाहीं. १९७५ मध्यें सूझन फो या अमेरिकन विदुषीनें असें मत मांडलें कीं, काइनाच्या प्रसंगीं पापाची तेशूका ही त्याला गिळून टाकण्याची, त्याच्यावर ताबा मिळविण्याची आहे. म्हणून हव्वेची तेशूकाही पतीवर ताबा मिळविण्याचीच समजावी. याउलट फिलिस ट्रिबल यांनीं १९७८ मधील आपल्या ग्रंथांत 'गीतरत्ना'चें स्थळ प्रमाण मानलें. बागेंत जें नातें बिघडलें तें या काव्यांतील बागेंत पुन्हां जुळलें. येथें पुरुषाला स्त्रीची ओढ आहे आणि सत्तेचें नांवही नाहीं, असा त्यांचा आशय. भाषांतरकारांची चलबिचल तर आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. 'इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन' या प्रसिद्ध भाषांतरांत २०१६ मध्यें स्त्रीची इच्छा पतीच्या 'विरुद्ध' राहील असा बदल करण्यांत आला, आणि २०२५ मध्यें तो मागें घेण्यांत आला. मूळ ग्रंथांतील एक अक्षरही मधल्या काळांत हललें नव्हतें.

आतां एका नव्या साक्षीदाराला बोलावूं. १९४७ पासून मृत समुद्राजवळील कुमरानच्या गुहांत प्राचीन गुंडाळ्या सांपडूं लागल्या. त्यांत हा दुर्मिळ शब्द पुन्हां आढळतो. एका गुंडाळींत मनुष्य हा मातीचा घडलेला असून त्याची तेशूका धुळीकडे आहे असें म्हटलें आहे. युद्धाच्या वर्णनाच्या दुसऱ्या गुंडाळींत दुष्ट शक्तींची तेशूका अंधाराकडे आणि शून्याकडे आहे असा उल्लेख येतो. मातीच्या मनुष्याला धुळीची कामवासना असणें शक्य नाहीं, आणि धुळीवर राज्य करण्याची महत्त्वाकांक्षाही त्याला असणार नाहीं. त्याचा कल तिकडे आहे, त्याची अखेरची वाट तिकडे जाते, एवढाच अर्थ तेथें संभवतो.

या साक्षीनंतर मला असें वाटतें कीं, मराठींत या शब्दाला 'ओढ' यापेक्षां चांगला प्रतिशब्द मिळणार नाहीं. लेंकीला माहेरची ओढ असते, पाण्याला उताराची ओढ असते, आणि नदींत पोहणाऱ्याला धारेची ओढ लागून तो बुडूंही शकतो. ओढ प्रेमाची असेल, मृत्यूची असेल, श्वापदाला भक्ष्याची असेल. शब्द स्वतः पुण्यवान् नाहीं आणि पापीही नाहीं. कोणाची ओढ, कशाकडे, आणि ती ज्याच्याकडे वळली तो तिचें काय करतो, यावर सारें अवलंबून आहे.

आपल्या मराठी भाषेचा हिब्रूशीं संबंध कांहीं आजचा नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल समाज पिढ्यानुपिढ्या मराठी बोलत आला, आणि डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्येंच त्यांच्यासाठीं मराठींत हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ मध्यें त्यांचा मृत्यु झाला आणि १९२४ मध्यें तें प्रसिद्ध झालें. ज्या काळीं अमेरिकेंत बुशनेलबाई त्याच मूळ ग्रंथापाशीं बसल्या होत्या, त्याच काळीं आपल्याकडील एक विधवा विदुषी दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून न राहतां मूळ अक्षरें वाचीत होती. शास्त्रांत काय लिहिलें आहे हें इतरांनीं सांगावें आणि स्त्रियांनीं ऐकावें, ही रीत या दोघींनीं आपापल्या परीनें मोडली.

शेवटीं पुन्हां त्या श्लोकाकडे येऊं. त्यांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत : स्त्रीची ओढ आणि पुरुषाची सत्ता. सत्तेसाठीं 'माशल' हें निराळें क्रियापद आहे, आणि त्याचें तेथील रूप भविष्यकथनालाही चालतें, आज्ञेलाही चालतें. जेरोम आणि लूथर यांनीं दुसऱ्या शब्दांतील सत्ता पहिल्या शब्दांत ओतली. फो यांनीं स्त्रीच्या ओढींतही सत्तेचीच हांव पाहिली. परंतु कथेचा संदर्भ पाहिला तर, ज्याच्याकडे विश्वासानें वळावें तोच स्वामी होऊन बसतो, हें दुःख ग्रंथकार सांगत आहे असें दिसतें. भूमीला कांटे येतील हें जसें तो दुःखानें सांगतो, तसेंच. कांटे उपटूं नयेत असें त्या वचनावरून कोणत्याही शेतकऱ्यानें आजवर मानलें नाहीं. मग त्याच प्रकरणांतील दुसरें दुःख तेवढें धर्म म्हणून कां जतन करावें, याचें उत्तर तेशूका या शब्दांत शोधून सांपडणार नाहीं. तें शोधणाऱ्यांनीं आपल्याच मनांत शोधलें पाहिजे.